शेजारचा शब्द

माझा स्वभाव मत्सरी आहे. आता या वयात लाजून काय करायचंय, म्हणून सरळ सांगते. लहानपणी शेजारच्या मुलीला नवी रिबीन आली की माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. आई म्हणायची, "हिच्या पोटात दुसऱ्याचं बरं मावत नाही बाई." नाहीच मावत. देवळात गेलं की मन निवतं म्हणतात. मी गेले, घंटा वाजवली, हात जोडले आणि बाहेर येऊन बघते तर पायरीवर कुणाच्या तरी चपला माझ्यापेक्षा चांगल्या. झालं, सगळं पुण्य तिथंच संपलं.

पण रिबिनी-चपलांचा हेवा दोन दिवसांत विरतो. एका मुलीचा केला तो मात्र विरला नाही. आणि तिच्याजवळ हेवा करण्यासारखं होतं तरी काय? शाळेचे दोन पोशाख, पायात झिजलेल्या स्लिपर आणि इंग्रजी. ते इंग्रजीच माझ्या डोळ्यांत खुपलं.

माझे वडील बोईसर स्टेशनात मालधक्क्यावर कारकून होते. आम्ही घाटावरचे, बदलीनं इकडं आलेलो. मला पालघरच्या शाळेत घातलं होतं. सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत. नववीपर्यंत वर्गात इंग्रजीत माझा पहिला नंबर ठरलेला असे. घरी वडिलांची जाडजूड डिक्शनरी होती. ती मी रोज पानं मोजून पाठ करत असे आणि पाठ केलेलं दुसऱ्या दिवशी वर्गात ओकत असे. इंग्रजीचे सर म्हणजे आमचे हेडमास्तरच. बंद गळ्याचा कोट घालायचे, खिशात तपकिरीची डबी आणि निळी पेन्सिल. ते माझ्याकडं बघून मान डोलवायचे आणि त्या डोलण्यावर मी आठवडा काढायचे.

नववीत ती आली. जवळच्या पाम गावची. बापाची वाडी, वांगी-मिरच्या-तोंडली लावायचे. पामहून चालत बोईसरला यायची आणि माझ्याच डब्यात चढायची. बोलणं सगळं तिकडचं. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "आमी पामचे. तू स्टेशनातली ना? तुजा बा मना ठाव हाय." मी नाक मुरडलं. म्हटलं, हिला 'आम्ही' म्हणता येत नाही, ही काय इंग्रजी बोलणार! हे मी मनात म्हटलं नाही हं, मैत्रिणींना ऐकू जाईल असं म्हटलं.

कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ना, तशी ती झाली. सहा महिन्यांत.

शनिवारी सकाळची शाळा असे आणि शेवटचा तास सरांच्या आवडीचा. सर फळ्यावर एक इंग्रजी वाक्य लिहीत, त्यातली विशेषणाची जागा रिकामी ठेवत आणि बाजूला दोन शब्द मांडत. दोन्हींचा अर्थ डिक्शनरीत जवळजवळ एकच. "हे शेजारी आहेत," सर म्हणत. "भिंतीला भिंत लागून आहे, पण घर वेगळं. या वाक्यात कुणाला बोलवायचं, ते सांगा."

एकदा त्यांनी लिहिलं 'ओल्ड' आणि 'एज्ड'. मी उठून डिक्शनरीतला अर्थ खडाखडा म्हणून दाखवला. सर म्हणाले, "ठीक." मग त्यांनी तिला उठवलं. ती म्हणाली, "सर, माझा आजा ओल्ड हाय. अजून वाडीला पानी लावतो. पाटलाचा बा एज्ड हाय. त्याला खुर्चीत बसवून आंघोळ घालतात." वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी तपकिरीची डबी काढली, चिमूट घेतली आणि पुन्हा ठेवून दिली. तपकीर ओढायचं विसरले. माझ्या उत्तरावर ते कधी काही विसरले नव्हते.

दुसऱ्या एका शनिवारी 'अँग्री' आणि 'क्रॉस', दोन्ही रागाचेच. "आई क्रॉस असते तवा बोलत सुटते सर, अँग्री असते तवा बोलत नाय." आणि मग तो 'अलोन' आणि 'लोनली'चा शनिवार. मी सांगितलं, एक म्हणजे एकटा, दुसरा म्हणजे एकाकी. झकास उत्तर होतं. तिनं सांगितलं, "दुपारी घरी मी अलोन असते. पन लोनली आमची मॅडम हाय, तिच्या घरात चार मानसं हायत."

ही मॅडम कोण, तर तारापूरची. त्या वर्षांत तारापूरला विजेच्या कारखान्याचं मोठं बांधकाम चालू होतं. दिवसभर ट्रक जायचे, आणि गोरे इंजिनिअर बायकामुलांसकट येऊन राहिले होते. हिची आई डोक्यावर पाटी घेऊन त्यांच्या वसाहतीत भाजी विकायची आणि सुट्टीच्या दिवशी हीही बरोबर जायची. तिथल्या एका बाईला बोलायला कुणी नव्हतं. ती हिलाच व्हरांड्यात बसवून घेई आणि बोलत राही. मी डिक्शनरीची पानं घोकत होते आणि ही तोंडली विकता विकता इंग्रजी उचलत होती! सांगा, पोटात दुखेल की नाही?

मार्कांत मीच पुढं असे, हे सांगितलं पाहिजे. स्पेलिंगं माझी चोख, व्याकरण चोख. पण मार्क वहीत राहतात. सरांची मान आता तिच्याकडं डोलायची.

तिच्याकडं डिक्शनरी नव्हती. माझी मी रोज गाडीत घेऊन जायची, मुद्दाम मांडीवर उघडून बसायची, म्हणजे लोकांना दिसावी. ती म्हणाली, "मी बगू गो जरा?" नाही कसं म्हणणार, समोर चार बायका बसलेल्या. मी दिली. मग रोजचंच झालं. बोईसर ते पालघर ती माझ्या डिक्शनरीत डोकं खुपसून बसायची आणि मी खिडकीतून बाहेर बघत जळायची. दोन-तीनदा मी "आज घरी विसरले" असं खोटं सांगितलं. पिशवीत होती. पिशवी मी पायाखाली सरकवली. तिला कळलं असेल का? त्या वेळी मला वाटलं, नाही कळलं.

अकरावीची, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकची, परीक्षा झाली आणि शाळेत एक पत्र आलं. तारापूरच्या बांधकामावर एक लहानसा ठेकेदार होता. त्याच्या ऑफिसात फोन घ्यायला आणि पत्रं टाइप करायला इंग्रजी येणारी मॅट्रिक मुलगी हवी होती. जागा एक. शाळेनं दोन मुली पाठवाव्यात, बरोबर चारित्र्याचा दाखला द्यावा. सरांनी आम्हा दोघींना बोलावलं.

त्या दिवशी परतीच्या गाडीत ती जास्तच बोलत होती. "बा म्हनतो, खुर्चीची नोकरी लागली तर चार वर्षं लग्नाचं नाव काढनार नाय. नाय लागली तर उरकून टाकतो म्हनतो." मग म्हणाली, "मना बसायला एक खुर्ची पायजे गो. बाकी काय नको."

मलाही ती खुर्ची हवी होती. पण खरं सांगू? ती मला मिळावी याच्यापेक्षा तिला मिळू नये, हे मला जास्त हवं होतं.

आता सरांची पद्धत सांगते, कारण सगळं त्यातच आहे. अकरावीच्या मुलांचे दाखले सर स्वतः लिहीत नसत. दर वर्षी शेवटचा इंग्रजीचा पाठ म्हणून मुलांच्या जोड्या लावत आणि एकानं दुसऱ्याचा दाखला लिहायचा. "स्वतःबद्दल माणूस फुशारकी मारतो आणि मी तुम्हाला वर्गात तासभरच बघतो. शेजारी बसणाऱ्याला खरं माहीत असतं," असं त्यांचं म्हणणं. दाखल्याचा मजकूर ठरलेला होता, फक्त दोन विशेषणांची जागा रिकामी. एक बुद्धीसाठी, एक स्वभावासाठी. सर निळ्या पेन्सिलीनं चुका दुरुस्त करत आणि सही करत. विशेषणाला मात्र हात लावत नसत. "विशेषण ज्याचं त्याचं," म्हणत. "त्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर."

तर तिचा दाखला मी लिहायचा आणि माझा तिनं.

वर्गात दोघीच होतो. एका बाकाच्या दोन टोकांना बसलो. ती खाली मान घालून भराभरा लिहीत होती. मी नुसतीच पेन धरून. बुद्धीच्या जागी काय लिहायचं ते मला माहीत होतं. 'इंटेलिजंट'. वर्गातल्या बाकांनासुद्धा माहीत होतं. पण हात पुढं जाईना. खोटं लिहायचं तर धीर नव्हता, सर पकडतील. मग मी सरांनीच शिकवलेलं केलं, शेजारच्या घरी गेले. 'इंटेलिजंट'च्या शेजारी 'क्लेव्हर' राहतो, तोही मला जास्तच वाटला. आणखी एक घर सोडलं तर 'हार्डवर्किंग' राहतो. कष्टाळू. चांगला शब्द आहे की नाही? कुणाची आई हसून मान हलवील असा शब्द. पण ज्याला कष्टाळू म्हणतात त्याला हुशार म्हटलेलं नसतं, हे सगळ्या जगाला कळतं. मी लिहिलं 'हार्डवर्किंग'.

स्वभावाच्या जागी 'रिलायबल' यायला हवा होता. विश्वासू, जबाबदारी टाकावी अशी. मी त्याच्या शेजारचा 'ओबीडियंट' बोलावला. सांगितलेलं ऐकणारी. तोही चांगलाच. तोही खोटा नाही. दाखल्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि तीच तर मेख होती.

कागद सरांकडं नेले. मी लिहिलेला वाचून त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "दुसरा शब्द सुचला नाही?"

"नाही, सर."

"शोधलास?"

"हो, सर." हेही खोटं नव्हतं. मी भरपूर शोधला होता.

त्यांनी निळी पेन्सिल उचलली. म्हटलं, आता खोडतात. विश्वास ठेवा, खोडावं असंही मनाच्या एका कोपऱ्यात वाटलं. पण सर शब्दाचे पक्के. "विशेषण ज्याचं त्याचं," म्हणाले आणि सही ठोकली. मग त्यांनी तिनं लिहिलेला घेतला. वाचून तिला विचारलं, "'पोलाइट' नाही लिहिलास?"

"नाय सर. पोलाइट वरनं असतो, आतनं नाय."

सरांनी पुन्हा माझ्याकडं बघितलं, या वेळी जरा जास्त वेळ. सही केली. ज्याचा दाखला त्याच्या हातात दिला.

गाडीत बसल्यावर तिनं तिचा उघडला. मी खिडकीबाहेर बघत होते. तिनं दोन्ही शब्द वाचले, पुन्हा वाचले. "हार्डवर्किंग," ती म्हणाली. "बरोबर हाय. कष्ट तर हायतच." घडी घातली आणि चोळीत खोचून ठेवला. एवढंच. तिनं रडायला हवं होतं, भांडायला हवं होतं. भांडली असती तर मी भांडणात तिला पुरून उरले असते.

मग मी माझा उघडला. बुद्धीच्या जागी तिनं लिहिलं होतं 'इंटेलिजंट'. मी जो तिच्यापासून चोरून ठेवला, तो तिनं मला देऊन टाकला होता. आणि स्वभावाच्या जागी 'काइंड'. दयाळू. मनानं चांगली.

मी! माझ्या आईनं हे वाचलं असतं तर पदर तोंडाला लावून हसली असती.

"अगं, निदान पोलाइट लिहायचं," मी म्हटलं. "दाखल्यात तेच शोभतं."

"पोलाइट तू नायसच," ती हसली. "त्या दिवशी माझ्या बोलन्याला नाक मुरडलंस, मी काय बगितलं नाय? पन डिक्शनरी दिलीस ना रोज. काइंड हायस."

वाटलं, तिचा कागद हिसकून घ्यावा, खिडकीतून फेकावा आणि नवा लिहून द्यावा. वाटलं खरं. बोईसर आलं आणि मी उतरले.

मुलाखतीच्या दिवशी आम्ही दोघी पत्र्याच्या ऑफिसाबाहेर उभ्या राहिलो. साहेब, म्हणजे तो ठेकेदार, दक्षिणेकडचा होता; गोऱ्यांचं गेस्ट हाऊसही तोच चालवायचा. मराठी त्याला ठाऊक नव्हतं, हिंदी तोडकंमोडकं, सगळा कारभार इंग्रजीत. शिपाई आला, दोघींचे दाखले घेऊन आत गेला. चिठ्ठ्या आत, माणसं बाहेर, अशी तिथली रीत. दहा मिनिटांनी शिपाई आला आणि मला म्हणाला, "आप अंदर आओ." आणि तिला म्हणाला, "तुम गेस्ट हाऊस में जाओ. साहब बोला, मेहनती लडकी है, बात मानती है, वहाँ झाडू-बिस्तर के लिए चाहिए."

साहेबानं तिचं तोंडसुद्धा पाहिलं नाही. तिनं एक वाक्य इंग्रजीत बोलायची खोटी होती, मी पुन्हा मालधक्क्यावर वडिलांचा डबा पोचवायला मोकळी झाले असते. ते वाक्य बोलायची वेळच तिच्यावर आली नाही. माझे दोन शब्द तिच्या आधी आत जाऊन बसले होते.

साहेब मला म्हणाला, इथं रोज कामगार येतात, कुणाचा हात चिरडला, कुणाचं मूल आजारी, फोनवरची मुलगी मनानं चांगली हवी. 'काइंड' या शब्दाखाली त्यानं लाल रेघ मारली होती.

खुर्ची मिळाली. लाकडी, पाठीला दोन दांड्यांची, एक पाय किंचित आखूड. तिनं झाडू घेतला. मला वाटलं होतं घेणार नाही. बापाला तिनं सांगितलं, "आज झाडू, उद्या खुर्ची. थांब थोडा." आणि बाप थांबला.

आता तुम्हाला वाटेल, सुंठीवाचून खोकला गेला, माझं मन शांत झालं असेल. छे! गेस्ट हाऊस माझ्या खिडकीसमोरच. गोऱ्या बाया व्हरांड्यात बसायच्या आणि ही चादरी झटकता झटकता त्यांच्याशी बोलायची. त्या खळखळून हसायच्या. माझ्याशी साहेब चार वाक्यं बोलायचा, त्यांतली तीन तारखा आणि सिमेंटची पोती. एका बाईनं तिला रंगीत चित्रांची मासिकं दिली. ती जेवणाच्या सुट्टीत पायरीवर बसून वाचायची, आणि मी खुर्चीत बसून तिच्याकडं बघायची. माझी पोळी तशीच राहायची.

सकाळी ती माझं ऑफिसही झाडायची. एकदा टेबल पुसताना टाइपरायटरवर अडकवलेला कागद तिनं वाचला. सिमेंट उशिरा धाडणाऱ्या व्यापाऱ्याला पत्र होतं. मी लिहिलं होतं, आम्ही 'अनहॅपी' आहोत. ती म्हणाली, "अनहॅपी घरचं मानूस होतं गो. दुकानदाराला 'डिसअपॉइंटेड' लिव." मी म्हटलं, "तू तुझं काम कर." ती गेली. मी कागद काढला, नवा घातला आणि 'डिसअपॉइंटेड' टाइप केलं. साहेबानं वाचून मान डोलवली. अगदी सरांसारखी. मी मान खाली घालून ती घेतली, चोरीचा माल घ्यावा तशी.

पुढं हे नेहमीचं झालं. ती पुसता पुसता एखादा शब्द टाकून जायची, मी कधी 'आभार' म्हटलं नाही, आणि ऑफिसात माझ्या इंग्रजीचं नाव झालं.

दुसऱ्या वर्षी स्टोअरमध्ये एक जागा निघाली. माल आला-गेला त्याच्या नोंदी करायच्या, इंग्रजीत. टेबल, खुर्ची. साहेबानं मला बोलावलं आणि विचारलं, "गेस्ट हाऊसमधली ती मुलगी मॅट्रिक आहे म्हणे. तुझ्याच शाळेतली. कशी आहे?"

बघा, देव दोनदा दार वाजवतो. एवढाच शब्द म्हणायचा होता, 'एबल'. समर्थ आहे, करील. तोंडात आला होता. मी म्हटलं, "शी इज व्हेरी विलिंग, सर." तयार असते ती. कशालाही.

साहेब पुढच्या शब्दासाठी थांबला. मी हातातले कार्बनचे कागद सारखे करत राहिले. "विलिंग," तो म्हणाला, "आय सी." आठ दिवसांनी वाणगावचा एक मुलगा त्या खुर्चीवर येऊन बसला. त्याचं इंग्रजी इतकं दिव्य होतं की त्याच्या नोंदी मलाच तपासाव्या लागायच्या.

का केलं मी असं? माझी खुर्ची तर कुणी मागत नव्हतं. दोघींना दोन खुर्च्या मिळाल्या असत्या. पण ती खुर्चीवर बसली की दोन दिवसांत सगळ्यांना कळलं असतं की माझं इंग्रजी कुणाचं आहे. हे एक. आणि दुसरं कारण हे की मला बघवलं नसतं. बस.

तिचा बाप दोन वर्षं थांबला होता, आता थांबेना. केळव्याचं स्थळ आलं, माडांची वाडी, घरचं बरं. त्याच सुमारास गोरे लोक एकेक करून परत जायला लागले. गेस्ट हाऊसचं काम आटपत आलं. कामाला असलेल्या सगळ्यांना, स्वैपाकी, माळी, आया, साहेबानं चिठ्ठी द्यायचं ठरवलं. चिठ्ठी असली की दुसरीकडं काम मिळतं. त्यानं मला सांगितलं, "तू टाइप कर. प्रत्येकाला दोन चांगले शब्द घाल. तू मनानं चांगली आहेस, तुला बरोबर सुचतील." दोन वर्षं तो मला तेच समजत होता.

स्वैपाक्याला 'क्लीन' आणि 'ऑनेस्ट' दिले. माळ्याला 'सोबर', तो बिचारा खरंच पीत नसे. मग तिचा कागद लावला. या वेळी मला शोधावं लागलं नाही. बोटं आपोआप गेली. 'इंटेलिजंट'. 'एबल'. 'रिलायबल'. तीन झाले. तीनही राहू दिले. साहेबानं न वाचता सह्या केल्या.

खोटं कशाला बोलू, टाइप करताना मला फार बरं वाटलं. छाती हलकी झाली. म्हटलं, चला, फिटलं एकदाचं.

शेवटच्या दिवशी ती चिठ्ठी घ्यायला आली. हळद अजून लागायची होती, पण हातात हिरव्या बांगड्या चढल्या होत्या. मी बसले होते, ती टेबलासमोर उभी. मी चिठ्ठी पुढं केली आणि तिच्या तोंडाकडं बघत राहिले. आता हिला कळेल, आता ही काहीतरी म्हणेल.

तिनं सावकाश वाचली. "तीन?" म्हणाली. "बाकीच्यांना दोन दोन दिलेस."

"तुझे तीन होतात," मी म्हटलं.

ती पुन्हा वाचायला लागली, शनिवारच्या तासाला फळ्याकडं बघायची तशी, डोळे बारीक करून. मग तिनं चिठ्ठीची घडी घातली, टेबलावर ठेवली आणि माझ्याच काचेच्या गोट्याखाली सरकवली, वाऱ्यानं उडू नये म्हणून.

"मना आता कुठं दाखवायची हाय ती," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. अँग्री नव्हती, क्रॉसही नव्हती. "पन एक राहिलं गो. तुज्या दाखल्यात माझी चूक झाली हुती. हे तीन वाचून कळली."

"कुठली?"

"मी दोन शब्द लिवले तुला. एकच लिवायला पायजे हुता. इंटेलिजंट. काइंड खोड."

मग तिनं झाडू उचलला. शेवटचा दिवस, लग्न दारात, आणि तरी माझ्या टेबलाखालचा कचरा काढला, पाय वर घे म्हणाली. मी पाय वर घेतले. ती झाडून गेली.

मी खुर्चीवर पाय वर घेऊन तशीच बसून राहिले. माझ्याबद्दल इतका बरोबर शब्द कुणी कधी निवडला नव्हता, आणि तो निवडायला तिला एक क्षणही लागला नाही. डोळ्यांतून पाणी यायला हवं होतं. आलं नाही. मला पुन्हा तिचा हेवाच वाटला.